अंगचोर कोणाला म्हणता?

“कोणती बाई थकत नाही?” हे वाक्य मी गेल्या अकरा वर्षांत सासूकडून ऐकलं, जावेकडून ऐकलं, डॉक्टरांकडून ऐकलं. सगळ्यांत जास्त राग येतो तो याचा की आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींकडूनही ऐकलं. वाक्य मायेचं वाटतं. सगळ्याच थकतो, तूही थकलीस, चल ऊठ आता. पण व्यवहारात त्याचा अर्थ एकच निघतो: तुझ्या थकव्यात वेगळं काही नाही, तेव्हा त्यासाठी कुणी काही करायची गरज नाही. हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. एमएस म्हणतात. हदगावात हे नाव सांगितलं की लोक “काय, काय?” असं दोनदा विचारतात आणि मग “म्हणजे लकवाच ना?” म्हणतात. लकवा नव्हे. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, विजेच्या तारेवर रबर असतं तसं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ते आवरण कुरतडते. जिथलं आवरण गेलं तिथून निरोप अडखळत जातो किंवा पोचतच नाही. मग एका डोळ्यापुढे अंधारी येते, पाय बधिर होतात, तोल जातो, लघवी आवरत नाही. २०२० च्या जागतिक पाहणीत या आजाराची सुमारे २८ लाख माणसं मोजली गेली. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे नेमका कधी? लग्न, बाळंतपणं, लेकरं, शेतातली कामं, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं हे सगळं एका बाईच्या खांद्यावर येतं तेव्हा.

या आजारात सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे थकवा. चारपैकी तिघांना तरी तो असतो, आणि कितीतरी जण सांगतात की चालण्याच्या, दिसण्याच्या अडचणीपेक्षाही हाच जास्त नाडतो. कापूस वेचून आलेली बाई दमते, पण रात्री झोपली की सकाळी पुन्हा उभी राहते. आमचा थकवा झोपेने जात नाही. सकाळी डोळे उघडतानाच तो उशाशी बसलेला असतो. हात उचलायचा तर गुडघाभर चिखलातून पाय काढावा तसा उचलावा लागतो. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. समोर लाटणं असतं आणि “ते हे” म्हणून बोट दाखवावं लागतं. मेंदूच्या तपासण्या करून संशोधकांनी पाहिलंय की तेच साधं काम करायला एमएस असलेल्या माणसाच्या मेंदूला जास्त भाग कामाला लावावे लागतात. फाटक्या पोहऱ्याने पाणी शेंदायचं तर खेपा जास्त पडणारच. आणि बाहेरून दिसत काहीच नाही. प्लास्टर नाही, पट्टी नाही, ताप नाही. मग आपल्या भाषेत त्याला शब्द तयारच आहे: अंगचोर.

हा शब्द नीट पाहा. अंग जणू घराच्या मालकीचं आहे आणि बाई त्यातून चोरी करते आहे! पुरुष दुपारी ओट्यावर आडवा झाला तर तो विसावा. बाई आडवी झाली तर चोरी.

बाईच्या थकव्याला ढोंग म्हणायची रीत आपल्याच मराठवाड्याची आहे असं समजू नका, तिला मोठा इतिहास आहे. पॅरिसला साल्पेत्रिएर नावाचं बायकांचं प्रचंड रुग्णालय होतं. गरीब, म्हाताऱ्या, वेड्या ठरवलेल्या, टाकलेल्या बायकांचं. तिथल्या ज्यां-मार्टिन शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. फ्रॉइडने १८९३ साली शार्कोवर लिहिलेल्या मृत्युलेखात एका मोलकरणीची हकीकत दिली आहे. तिचे हात थरथरत, हातून भांडी फुटत, म्हणून तिला कुठे काम टिकेना. शार्कोंनी तिला आपल्या घरी कामाला ठेवलं, फुटक्या ताटवाट्यांचं नुकसान सोसलं, आणि ती मेल्यावर तिचं शव तपासून दाखवून दिलं की तो हाच आजार. डॉक्टरांची थोरवी सांगायला ही गोष्ट सांगितली जाते. मला मात्र त्या बाईने त्याआधी गमावलेल्या कामांचा विचार येतो. किती मालकिणींनी तिला धांदरट म्हणून हाकललं असेल? आणि याच शार्कोंनी याच रुग्णालयात ‘हिस्टेरिया’ झालेल्या बायकांना भरल्या सभागृहात लोकांसमोर उभं केलं. एकाच छपराखाली एकीच्या मज्जातंतूंचा आजार सापडला आणि दुसरीच्या दुखण्याचा तमाशा झाला. कोणती बाई कोणत्या रांगेत जाणार हे ठरवणारा पुरुषच. पुढची कितीतरी वर्षं एमएस झालेल्या बायकांना हिस्टेरियाचा शिक्का मारून घरी पाठवलं गेलं. जगप्रसिद्ध चेलोवादक जॅकलीन द्यू प्रे हिच्याही सुरुवातीच्या तक्रारी मनावरच्या ताणाच्या म्हणून काढल्या गेल्या; निदान झालं १९७३ मध्ये, तोवर तिच्या बोटांना तारा जाणवेनाशा झाल्या होत्या. जिच्यापाशी पैसा, नाव, लंडनचे डॉक्टर सगळं होतं तिची ही कथा. हदगावच्या बाईचं काय घेऊन बसलात!

आपल्याकडे आणखी एक अडसर होता. हा थंड देशातल्या गोऱ्या लोकांचा आजार, भारतात नसल्यातच जमा, असं वैद्यकाच्या पुस्तकांतून शिकवलं जाई. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली मुंबई-पुण्याच्या पारशी समाजातली पाहणी प्रसिद्ध केली. मुंबईच्या पारशांत लाखामागे २६ जणांना हा आजार आढळला. काम मोलाचंच होतं. पण काही डॉक्टरांच्या डोक्यात त्याचा अर्थ भलताच बसला: गोऱ्यांना होतो, फार तर पारशांना होतो. पुढे एमआरआयची यंत्रं गावोगाव आली तशा इतर जातीधर्मांच्या बायकाही दिसू लागल्या. त्या आधीही होत्याच. दिसत नव्हत्या, कारण पाहायचं कुणी ठरवलं नव्हतं.

मला कळायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत लोहाच्या गोळ्या झाल्या, ताकदीची इंजेक्शनं झाली, सलाईन झाली, एका देवऋष्याने बाहेरचं आहे म्हणून लिंबूही उतरवून झाला. लोहाच्या गोळ्या देणाऱ्यांना मी सर्वस्वी दोष देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. दारात येणारी प्रत्येक दुसरी बाई खरोखरच रक्ताने कमी आहे. पण त्यामुळे झालंय असं की बाईने “थकवा” म्हणताच डॉक्टरची मान वर होण्याआधी हात चिठ्ठीकडे जातो. अर्ध्याहून अधिक बायकांचं रक्त कमी असावं ही राज्याला लाज वाटावी अशी गोष्ट, आणि तीच लाज बाकीची दुखणी झाकायला पांघरुणासारखी वापरली जाते. शेवटी नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला तेव्हा नाव मिळालं. नाव मिळालं त्या दिवशी मला रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. चोर नव्हते मी.

आता मुद्द्याचं. या थकव्याशी कोणत्या गोष्टी जोडलेल्या आहेत यावर जगभर भरपूर अभ्यास झाले आहेत. मज्जातंतूंना झालेली इजा आणि आतली दाहाची प्रक्रिया हे मूळ. पण थकवा वाढवणाऱ्या बाकीच्या गोष्टींची यादी मी वाचली तेव्हा मला वाटलं, ही यादी कुणीतरी आमच्या घरात बसून केली आहे. उष्णता. तुटक झोप. मनाचं खचणं. दुखणं. लघवीचा त्रास. हालचाल बंद होणं. काही औषधं. परदेशी डॉक्टर या शब्दांना ‘घटक’ म्हणतात. हदगावात त्यांना घर म्हणतात.

उष्णता घ्या. १८९० साली विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन डॉक्टरांनी नोंदवलं की अंग तापलं की या रोग्यांची नजर तेवढ्यापुरती आणखी मंद होते. आवरण गेलेल्या तंतूला उष्णता सोसत नाही. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी निरोप अडतात. एमआरआय येण्यापूर्वी तर संशयित रोग्याला कढत पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहत आणि त्यावरून निदान करत! आमच्याकडे त्यासाठी टब लागत नाही. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो. डोक्यावर पत्रे. पत्र्याखाली चूल, किंवा गॅस असला तरी दहा माणसांच्या भाकरी. अंगावर पाच वार, डोक्यावर पदर. दुपारी लाईट गेली की पंखाही नाही. स्वयंपाकघर हे घरातलं सर्वांत तापलेलं ठिकाण आणि थंडाव्याची सर्वांत जास्त गरज असलेलं माणूस त्याच ठिकाणी उभं. खिडकीजवळची, वाऱ्याची खाट कुणाची असते हे मी वेगळं सांगायला हवं का? ओला टॉवेल मानेवर घेणं, गार पाण्याने अंग पुसणं, स्वयंपाक पहाटे उरकणं यांनी खरोखर फरक पडतो, आणि यातलं काहीही महाग नाही. पण भरल्या घरात सुनेने दुपारी ओला टॉवेल घेऊन पंख्याखाली बसायचं म्हणजे केवढं धाडस लागतं ते करून बघा.

झोप घ्या. एमएसमध्ये पायात पेटके येतात, पाय चुळबुळतात, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं. झोप तुटली की दुसऱ्या दिवशीचा थकवा दुप्पट. त्यात बाई झोपते सगळ्यांच्या नंतर आणि उठते सगळ्यांच्या आधी, कारण नळ पहाटे येतो. संडास अंगणाच्या टोकाला असेल तर रात्री काठी-बॅटरी घेऊन जायचं, पडायचं. म्हणून ती काय करते? संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. हाच हिशोब ती एसटीच्या प्रवासातही करते. हदगावहून नांदेडला जायला दीड-दोन तास, उतरल्यावर स्टँडच्या मुतारीची अवस्था आपल्याला ठाऊक आहे. मग पाणी न प्यायल्याने लघवीचा जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, तापाने अंग तापतं, आणि आवरण गेलेले तंतू पुन्हा संपावर जातात. बाई चार दिवस उठू शकत नाही. घर म्हणतं, नांदेडला जाऊन आली की हिचं नेहमीचंच. यात मज्जातंतूंचा आजार किती आणि संडासाचा किती, सांगा. मुंबईत २०११ च्या सुमारास ‘राईट टू पी’ची मोहीम उभी राहिली तेव्हा आपल्यातल्याच काही जणी हसल्या होत्या, हा काय चळवळीचा विषय आहे म्हणून.

मनाचं खचणं घ्या. एमएस असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं, आणि नैराश्य व थकवा एकमेकांना पाणी घालतात. हे वाक्य लिहिताना मी सावध आहे, कारण आपल्याकडे हे सांगितलं की लगेच उत्तर येतं: “बघा, म्हणजे मनाचंच आहे.” नाही. आजाराचे घाव मेंदूवरच आहेत, मन काय टाचेत असतं? शिवाय दिवसभर ज्या बाईला सोंगाडी म्हटलं जातं तिचं मन खचणार नाही तर काय होणार? खचलेल्या मनावर उपचार हवेत, गोळ्या हव्यात, बोलायला माणूस हवं. पण अपमान चालू ठेवून अपमानावर गोळी द्यायची हा उपचार मला मान्य नाही.

आणि औषधं. पायाचा ताठरपणा कमी करायला देतात त्या बॅक्लोफेनने झोप येते, अंग जड होतं. इंटरफेरॉनच्या सुईनंतर फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या करून घ्याव्यात. त्यांतलं काही बिघडलं असेल तर ते सुधारता येतं. एमएस आहे म्हणून प्रत्येक थकवा एमएसच्या खात्यावर टाकणारे डॉक्टरही भेटतात. तेही आळसाचंच निदान, फक्त आळस डॉक्टरचा.

थकव्यावर खास गोळी आहे का? वर्षानुवर्षं अमँटाडिन, मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट अशी औषधं दिली जात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या १४१ रोग्यांवर या तिन्हींची तुलना नुसत्या साखरेच्या गोळीशी केली गेली. तिन्हींतलं एकही औषध सरस ठरलं नाही. काय उपयोगी पडतं? झेपेल तेवढा नियमित व्यायाम, समुपदेशन, आणि ज्याला ते ‘शक्ती जपून वापरणं’ म्हणतात ते. या शेवटच्याचे तिकडे आठवड्या-आठवड्यांचे वर्गच असतात. कामांची निवड करा, अधूनमधून विसावा घ्या, बसून काम करा, काही कामं सोडून द्या, काही दुसऱ्याला सोपवा.

दुसऱ्याला सोपवा! आता हा दुसरा कोण? सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत भारतातली बाई घरच्या बिनपगारी कामाला दिवसाला २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८ मिनिटं. तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी, सगळ्यांची नव्हे. बाई आजारी पडली की ही २८९ मिनिटं हवेत विरत नाहीत. ती पुरुषाकडेही जात नाहीत. ती जातात सासूकडे, जावेकडे, आणि बहुतेक वेळा थोरल्या मुलीकडे. माझ्या घरात माझा विसावा सातवीतल्या लेकीच्या शाळेतून वजा होऊ लागला. आधी सकाळची पहिली तासिका बुडाली, मग शनिवारची शाळा, मग “तिला घरीच ठेवू या परीक्षेपुरतं सोडून” असं बोलणं निघालं. मी त्या दिवशी जमिनीवर बसून भांडले, कारण उभं राहून भांडायची ताकद नव्हती. लेक शाळेत गेली. नवरा भाकरी थापायला शिकला. त्याच्या भाकरीचा नकाशा होतो, पण पोट भरतं. सासूने महिनाभर धरलेला अबोला आता आठवला की हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

म्हणून मी म्हणते की या आजारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड उपचार म्हणजे घरकामाची वाटणी. ती कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही आणि कोणताही डॉक्टर नवऱ्याच्या नावाने चिठ्ठीवर लिहून देत नाही. का लिहून देऊ नये? ‘दोन वेळा भाकरी, नवऱ्याने’. माझ्या डॉक्टरांना मी हे सुचवलं, ते हसले. मी विनोद केला नव्हता.

नवऱ्यांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. २००९ साली ‘कॅन्सर’ या वैद्यकीय नियतकालिकात ५१५ विवाहित रोग्यांचा एक अमेरिकन अभ्यास छापून आला. त्यांत मेंदूच्या गाठींचे, कर्करोगाचे आणि १०८ एमएसचे रोगी होते. आजारी जोडीदार पुरुष असेल तर ताटातूट झाली शंभरात तिघांची. आजारी जोडीदार बाई असेल तर जवळजवळ २१ जणींची. सातपट! आपल्याकडे कोर्टापर्यंत जायचीही तसदी घेत नाहीत. “माहेरी आराम कर” म्हणून एसटीत बसवून देतात आणि न्यायला येत नाहीत. कायद्याने काडीमोड नाही, त्यामुळे पोटगीचा प्रश्न टळतो आणि दुसरी घरात येते. ध्यानात ठेवा, हिंदू विवाह कायद्यात एमएस हे घटस्फोटाचं कारण नाही. कुणी वकील तसं सांगून कागदावर अंगठा मागत असेल तर अंगठा द्यायचा नाही.

आता सरकारकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात या आजाराचं नावही नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आला. हे आपोआप झालेलं नाही. १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आणि देशभरातल्या अपंग हक्क चळवळीने ते मिळवलं. पण कायद्यात नाव येणं वेगळं आणि हातात दाखला येणं वेगळं. संजय गांधी निराधार योजनेपासून आरक्षणापर्यंत सगळं अडतं ते ४० टक्क्यांवर. आणि टक्के मोजतात कसे? या आजाराची जगभर वापरली जाणारी मोजपट्टी १९८३ साली जॉन कुर्त्स्के यांनी पक्की केली. शून्य ते दहा अंश. चारच्या पुढे तिचा जवळजवळ सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, माणूस न थांबता किती मीटर चालतं. पाचशे, तीनशे, दोनशे, मग काठी, मग खुर्ची. चालल्यानंतर त्या माणसाचं काय झालं, ते उरलेल्या दिवसात चहा तरी करू शकलं का, हे कोणी विचारत नाही.

मी एका सरकारी रुग्णालयात तपासणीला गेले. सकाळची वेळ, पहाटे निघालेले, गारव्यात. मला म्हणाले चालून दाखवा. चालले. म्हणाले, “चालता येतंय की बाई तुम्हाला.” तोच प्रसंग दुपारी तीनला घडला असता तर दोन माणसांनी धरून चालवावं लागलं असतं. आमचा आजार दिवसातून चार वेळा रूप बदलतो आणि दाखला देणारे सकाळी अकराचा एकच फोटो काढतात. त्या दिवशीची तपासणी संपवून मी घरी आले आणि तीन दिवस अंथरुणात होते. ते तीन दिवस कोणत्या रकान्यात भरायचे?

यावर ठरलेलं उत्तर असतं: थकवा मोजता येत नाही, कोणीही खोटं सांगेल. साफ खोटं. लॉरेन क्रप या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ सालीच थकवा मोजायची नऊ प्रश्नांची पट्टी तयार केली. प्रत्येक प्रश्नाला एक ते सात गुण, दहा मिनिटांचं काम, यंत्र लागत नाही. जगभरच्या संशोधनात ती वापरतात. औषध कंपन्यांच्या चाचण्यांत बाईचा शब्द चालतो, मग दाखल्याच्या टेबलावर तोच शब्द का चालत नाही?

२०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार यांच्या खटल्यात एक गोष्ट स्पष्ट केली. लिहिताना हात आखडण्याचा आजार असलेल्या या तरुणाला परीक्षेत लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं की वाजवी सोयी मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांच्या दाखल्यावर अवलंबून नाही. हे आपल्यातल्या अंगणवाडी ताई, शिक्षिका, परिचारिका, ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या बायांनी पाठ करून ठेवावं. बसायला खुर्ची, दुपारचा अर्धा तास आडवं व्हायला जागा, उन्हाच्या कामातून सूट मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. आणि सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने काढता येत नाही, पदावरून खाली आणता येत नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम २० हेच सांगतं.

शेवटी आपल्या घरातलं. एका शिबिरात मला एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, “इथे शेतकरी मरताहेत, बीडला ऊसतोड बायांच्या पिशव्या काढताहेत, आणि तुझं हे शहरी दुखणं कुठे घेऊन बसलीस?” पिशव्यांचंच बोलू. २०१९ च्या शासकीय समितीसमोर आलेले आकडे होते: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बाया, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. का काढली? एक मोठं कारण हेच की पाळीत, दुखण्यात, थकव्यात खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. थांबायची परवानगी नसलेल्या शरीरातून थांबायला लावणारा अवयवच काढून टाकला. माझं शरीरही थांबायला सांगतं आणि माझ्या आजाराचा अवयव काढता येत नाही, एवढाच फरक. मुकादम मात्र दोन्हीकडे आहे. माझ्या दुखण्याला ‘शहरी’ म्हणणं म्हणजे खेड्यातल्या बाईला मोठ्या नावाचा आजार होण्याचाही हक्क नाही असं म्हणणं.

आणि आपली चळवळ तरी काय कमी मुकादमी करते? शिबिरं मे महिन्यात, कारण शाळेच्या खोल्या रिकाम्या असतात. बसायचं सतरंजीवर, सकाळी नऊ ते रात्री नऊ. मोर्चा भर दुपारी बाराला, कारण साहेब तेव्हा भेटतात. पायाला भिंगरी असलेल्या कार्यकर्तीचं आपण कौतुक करतो, ती आजारी पडली की “पूर्वीसारखी राहिली नाही” म्हणतो. घरातल्या कामाचं मोल मागणाऱ्या आपण आपल्याच बाईच्या थकव्याचं मोल शून्य धरतो. सगळ्या बायांचा थकवा सामाजिक आहे, हे आपण शिकवलं आणि ते खरंच आहे. पण त्यातून “कोणती बाई थकत नाही” हे वाक्य चळवळीचं सुभाषित बनलं तर मग सासूत आणि आपल्यात काय अंतर राहिलं?

हदगावच्या आमच्या गटाने गेल्या वर्षीपासून बैठक संध्याकाळी सहाला ठेवली आहे. चार खुर्च्या आणल्या. पहिल्यांदा त्यांवर बसायला कोणी तयार होईना, आता भांडणं होतात. कारण कळलं की गुडघ्याच्या, कंबरेच्या, पंडुरोगाच्या अशा सात जणी गप्प बसून सोसत होत्या. दाखल्याच्या तपासणीत थकव्याची प्रश्नावली धरावी आणि दुपारनंतरचीही तपासणी व्हावी असा अर्ज आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने लिहिला आहे. त्यावर आमच्या सतरा सह्या आहेत. तुमच्या तालुक्यात एमएसची किंवा अशाच न दिसणाऱ्या थकव्याची बाई असेल तर अर्जाची प्रत मागवा, तालुक्याचं नाव बदला आणि पाठवा. मला पत्र लिहिलंत तर उत्तर यायला वेळ लागेल. मी दिवसाला एकच पत्र लिहिते.